क्लच घसरतोय? केबल ताणू नका
यवतेश्वरच्या घाटात जुनी मारुती 800 ओरडते, पण चढत नाही. अशा वेळी साताऱ्यात हमखास मिळणारा सल्ला: 'केबल टाईट करा.' हा तर उलटा उपाय! केबल ताणली की पेडलचा फ्री प्ले (दाबताना सुरुवातीची मोकळी चाल) जातो, क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटवर कायम टेकून राहतं आणि पकड आणखी सुटते. आधी साधारण 15 ते 25 मि.मी. प्ले ठेवून पाहा. तेवढ्यावर भागलं तर नशीब. नाहीतर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. गाडी जॅक स्टँडवर टेकवा, नुसत्या जॅकवर नाही. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग तिन्ही एकदमच बदला. फ्लायव्हीलमागे (क्लच ज्यावर बसतो त्या इंजिनच्या जड चाकामागे) तेल दिसलं तर आधी क्रँकचं ऑइल सील बदला, नाहीतर नवी प्लेटही तेल लागून घसरेल. प्लेट अलाइनमेंट टूलने मधोमध धरा, प्रेशर प्लेटचे समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळा.