देवाची आज्ञा पाळणं (रोजच्या ख्रिस्ती जीवनात)

ख्रिस्ती विश्वासात आज्ञापालन म्हणजे देवाला काय हवंय ते समजल्यावर तसं वागणं, आणि तेही फक्त रविवारच्या उपासनेत नाही तर कामात, घरात, पैशाच्या व्यवहारात, कोणी बघत नसताना. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रोटेस्टंट सगळ्याच मंडळ्या हे शिकवतात, भर थोडा कमीजास्त. बऱ्याच जणांच्या डोक्यात आज्ञापालन म्हटलं की अब्राहामाची परीक्षा (देवाने त्याला स्वतःच्या मुलाचा बळी द्यायला सांगितलं ती) येते, किंवा सगळं सोडून लांब कुठेतरी सेवेला जाणं. पण खरं सांगायचं तर बहुतेक वेळा देवाची इच्छा कळलेली असतेच, फक्त ती करायची नसते.

बायबलच्या जुन्या करारातला इस्राएलचा शौल राजा याचा नमुना आहे (१ शमुवेल १५). अमालेकी या शत्रू लोकांना माणसं-जनावरांसकट संपव, काहीही ठेवू नको, असा त्याला देवाचा हुकूम होता. हा हुकूमच आजच्या वाचकाला पचायला जड जातो, तो वाद वेगळा. शौलाने चांगली चांगली गुरं-मेंढरं ठेवून घेतली आणि शमुवेल संदेष्टा आल्यावर बिनधास्त सांगितलं की मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेल म्हणाला, मग ही मेंढरं कुठून ओरडतायत? तर उत्तर तयार, लोकांनी देवाला यज्ञ करायलाच ठेवलीत. त्यावर शमुवेल म्हणतो की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं. अर्धवट पाळायचं आणि उरलेल्याला धार्मिक कारण लावायचं, ही सवय शौलाबरोबर संपली नाही.

नव्या करारात येशू हेच अजून जवळ आणतो. मला प्रभू, प्रभू म्हणता आणि मी सांगतो ते का करत नाही, असं तो सरळ विचारतो (लूक ६:४६). मत्तय ५:२३-२४ मध्ये तर माणूस अर्पण घेऊन वेदीपाशी पोचलाय आणि तिथे त्याला आठवतं की भावाच्या मनात आपल्याबद्दल काहीतरी आहे, तर येशू म्हणतो अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. म्हणजे प्रार्थना थांबवून आधी तो टाळलेला फोन लावायचा. बिलात खोटा आकडा न टाकणं, ग्रुपवर आलेली कुणाची बदनामी पुढे न ढकलणं, सॉरी म्हणताना 'पण' न जोडणं, आज्ञापालन बहुतेक अशाच साइजचं असतं.

मग हे करून तारण (पापातून सुटका) मिळतं का? इथे गोंधळ फार होतो. इफिसकरांस पत्रात (२:८-१०) प्रेषित पौल म्हणतो तारण देवाच्या कृपेने, कर्मांनी नाही, आणि लगेच पुढे म्हणतो की आपण सत्कृत्यांसाठी निर्माण झालोय. प्रोटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरने १५२० मध्ये हाच क्रम मांडला, चांगल्या कर्मांनी माणूस चांगला होत नाही, चांगला झालेला माणूस चांगली कर्मं करतो. याकोबाचं पत्र दुसऱ्या बाजूने ढकलतं, कर्मांवाचून विश्वास मेलेला. दोन्ही सोबत वाचलं तरच तोल राहतो, नाहीतर एक तर भीतीने नियम पाळणारे तयार होतात नाहीतर 'देव माफ करतोच' म्हणणारे.

सरावाच्या पद्धती बऱ्याच आहेत. जेझुइट या कॅथलिक संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांच्या परंपरेत दिवसाचा आढावा घेतात, कुठे देवाचं ऐकलं, कुठे टाळलं. मेथडिस्ट चळवळीचे जॉन वेस्ली यांनी १७४३ मध्ये आपल्या गटांना तीन नियम दिले: वाईट करू नका, चांगलं करा, प्रार्थना, वचन, प्रभुभोजन वगैरे सोडू नका. पॅरिसच्या कार्मेलाइट (एक कॅथलिक संघ) मठातले ब्रदर लॉरेन्स (मृत्यू १६९१) यांना स्वयंपाकघरातलं काम मनापासून नावडायचं तरी ते वर्षानुवर्षं देवासाठी म्हणून करत राहिले, जमिनीवरची काडी उचलायची तीही देवावरच्या प्रेमाने.

आज्ञा पाळणं म्हणजे प्रत्येक वरिष्ठाचं ऐकणं, असा अर्थ मात्र काढता येत नाही. रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय अधिकाऱ्यांच्या अधीन राहा सांगतो, पण येशूच्या नावाने शिकवू नका असा हुकूम आला तेव्हा पेत्र आणि इतर प्रेषितांनी (येशूने पाठवलेल्या शिष्यांनी) माणसांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे असं उत्तर दिलं (प्रेषितांची कृत्ये ५:२९). जर्मन पाळक डीट्रिच बॉनहॉफर नाझी सत्तेच्या विरोधात गेले, ९ एप्रिल १९४५ ला त्यांना फाशी झाली. आणि मंडळीच्या आतही, 'देवाने मला सांगितलंय, तू असं कर' म्हणत लोकांची लग्नं, नोकऱ्या, पैसे आपल्या हातात घेणारे पुढारी असतातच, त्यांच्यासाठी पेत्राच्या पहिल्या पत्रात (५:३) स्पष्ट आहे की कळपावर सत्ता गाजवू नका, कित्ता व्हा.