भाव कन्नडात, हिशेब मराठीत

बेळगावजवळच्या खानापूरच्या बाजारात माझी आत्या भाजीवालीसमोर बसली की मी मुद्दाम दोन पावलं मागे थांबते. "एष्टु री?" असं विचारून ती जुडी उलटीपालटी करते. भाव कळला की लगेच "स्वल्प कडिमि माड्री," म्हणजे थोडं कमी करा. मग ओठ हलवत मराठीत बेरीज, आणि मान वळवून मला, "पिशवी नीट धर की गं, कोथिंबीर चेपतीया." आत्या ७४ वर्षांची आहे. हे सगळं अर्ध्या मिनिटात उरकतं.

दोन भाषा येणारा माणूस बोलतो तेव्हा त्याच्या मेंदूत दोन्ही भाषा जाग्या असतात. एक बोलायची तर दुसरीला आवरून धरावं लागतं, आणि समोरचा माणूस बदलला की लगाम दुसऱ्या हातात घ्यावा लागतो. नको तो शब्द मागे सारणं, लक्ष इकडून तिकडे वळवणं ही कामं मुख्यतः मेंदूच्या पुढच्या भागाकडे असतात. बेळगाव, निपाणी, खानापूर भागातल्या कितीतरी माणसांना हा व्यायाम लहानपणापासून रोज घडत आलाय.

त्याचा म्हातारपणी उपयोग होतो का, हे आपल्याच देशात तपासलं गेलं. डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूट या रुग्णालयात स्मृतिभ्रंश (डिमेन्शिया) झालेल्या ६४८ रुग्णांच्या नोंदी पाहिल्या. त्यातल्या ३९१ जणांना एकाहून अधिक भाषा येत होत्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, एकच भाषा येणाऱ्यांपेक्षा या लोकांमध्ये आजाराची लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसली. शाळेत कधीच न गेलेल्यांमध्येही हा फरक होता, म्हणजे श्रेय नुसत्या शिक्षणाचं नव्हतं. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, कारण आमच्याकडच्या कितीतरी आज्या शाळेची पायरी न चढता दोन भाषांत संसार करत आल्या. माणसांचा अनेक वर्षं माग ठेवून केलेल्या सगळ्याच अभ्यासांत मात्र इतका ठळक फायदा दिसलेला नाही, हेही सांगायला हवं. आणि दोन भाषांनी आजार टळत नाही. लक्षणं लांबणीवर पडतात.

ती लांबणीवर कशी पडतात? १९८८ मध्ये अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या १३७ मृत व्यक्तींच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींच्या मेंदूत अल्झायमर या स्मृतिभ्रंश घडवणाऱ्या आजाराच्या खुणा भरपूर होत्या, तरी जिवंतपणी त्यांची बुद्धी शाबूत होती. अशा निरीक्षणांतून ‘बौद्धिक राखीव साठा’ ही कल्पना पुढे आली. आम्हा बेळगावकडच्यांना ती पटकन कळेल. चोर्ला घाटात दरड कोसळली म्हणून गोव्याला जाणं थांबत नाही. ज्याला अनमोड आणि आंबोली ठाऊक आहे, तो वळसा घालून का होईना, पोचतो. आयुष्यभर मेंदूला नाना कामांत गुंतवलं की अशा आडवाटा तयार राहतात. दरड कोसळायची थांबत नाही. म्हणूनच मोठा साठा असलेल्यांमध्ये एकदा लक्षणं दिसू लागली की पुढची घसरण अनेकदा वेगाने होते, कारण तोवर बरेचसे घाट बंद झालेले असतात.

आता विरंगुळ्याचं. न्यूयॉर्कमध्ये ७५ वर्षांपुढच्या ४६९ लोकांच्या सवयी नोंदवून त्यांचा सरासरी पाच वर्षं माग ठेवला गेला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्य वाजवणं आणि नाच यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका कमी आढळला. पण ज्यांचं डोकं चांगलं चालतं तेच जास्त खेळत असतील, अशी शंका इथे उरतेच. ती दूर करायची तर माणसांना नवं काम देऊन बघायला हवं. टेक्सासमध्ये मानसशास्त्रज्ञ डेनिस पार्क यांनी तेच केलं. ६० ते ९० वयाच्या लोकांपैकी काहींना त्यांनी गोधडी शिवायला शिकवलं, काहींना डिजिटल फोटोग्राफी, काहींना दोन्ही. आठवड्याला साधारण १५ तास, तीन महिने. दुसऱ्या काही जणांनी नुसत्या गप्पा मारल्या, सहली केल्या. स्मरणशक्ती सुधारली ती प्रामुख्याने नवं कौशल्य शिकणाऱ्यांची, त्यातही फोटोग्राफीवाल्यांची जास्त.

गोधडी म्हटल्यावर मला आत्याची वाकळच आठवली. पण आत्या गेली पन्नास वर्षं वाकळ शिवते, तिचा हात डोक्याला न विचारता चालतो. पार्क यांची मंडळी नवशिकी होती. पाठ असलेले अभंग म्हणण्यात सुख आहे आणि ते सुख सोडू नये, पण मेंदूला काम पडतं ते नव्या अभंगाची चाल बसवताना. चुकायला लागलं पाहिजे, आणि चुकूनही परत करावंसं वाटलं पाहिजे. आपण मात्र मायेपोटी उलटंच करतो. "तू बस आता निवांत" म्हणत हातातला हिशेब काढून घेतो, बाजारही काढून घेतो. ऐकू कमी येणाऱ्या आजोबांना तर कुणी गप्पांतही घेत नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, टाळता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या, त्यात ऐकू कमी येणं आणि एकटेपणा दोन्ही आहेत. तेव्हा कानाचं यंत्र खर्चिक वाटलं तरी लांबणीवर टाकू नका. आणि नेहमीची वाट चुकणं, तेच ते पुन्हा विचारणं सुरू झालं तर वय म्हणून सोडून न देता डॉक्टरांना दाखवा. कधी कधी मुळाशी बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइड असतं, आणि त्यावर औषध आहे.

आत्याला कन्नड अस्खलित बोलता येतं, वाचता येत नव्हतं. गेल्या जूनपासून ती पहिलीतल्या नातीबरोबर अक्षरं गिरवते. द, ध आणि ड तिला छळतात, कन्नडात ती जवळजवळ सारखी दिसतात. अनुस्वाराचं टिंबही डोक्यावर बसत नाही, गोल शून्य होऊन अक्षराशेजारी येतं. परवा आम्ही स्टँडवर उभ्या होतो. बस वळली, आत्याने डोळे बारीक केले आणि पाटीवर बोट रोखलं. "न... शून्य... हा द की ड गं?" नात काही बोलली नाही. आत्याने शेवटचं अक्षर पुन्हा पाहिलं. "पयला द, मागनं ड. नंदगड! चल, आपलीच हाय."