केबल खोटं बोलते तेव्हा

गेल्या महिन्यात आईचं बीपीचं मशीन चार्ज होईना. मशीनला टाइप सी, माझ्या फोनची केबल पण दोन्हीकडे सी वाली, चार्जर फोनचाच, तरी लाइट काही लागेना. आई म्हणे गेलं वाटतं मशीन, आणि मी पण नवीन बघायच्याच बेतात होतो. मग ड्रॉवरमधल्या गुंत्यात मशीनबरोबर आलेली वीतभर केबल सापडली, एका टोकाला जुना चपटा यूएसबी, ती जुन्या चार्जरला लावली आणि लगेच लाइट लागला.

त्याचं असं आहे की दोन्हीकडे सी असलं की चार्जर डायरेक्ट करंट सोडतच नाही. आधी सीसी नावाच्या पिनवर समोर ५.१ किलोओहमचा रेझिस्टर (करंटला अडवणारा बारीकसा भाग) आहे का ते बघतो, सापडला तरच ५ व्होल्ट देतो. स्वस्तातले ट्रिमर, टॉर्च, असली मशीनं बनवणारे बरेच जण तो एवढासा रेझिस्टरच खाऊन टाकतात, मग चार्जर हाक मारतो, आतून कोणी ओ देत नाही. जुना चपटा चार्जर असल्या चौकशा करत नाही, त्याचे ५ व्होल्ट कायम चालू. तेव्हा जुन्या केबल भंगारात देऊ नका.

पण याच एकीकडे चपटी, दुसरीकडे सी वाल्या केबलमध्ये खरी गोम आहे. तिच्या सी वाल्या टोकात ५६ किलोओहमचा रेझिस्टर असावा लागतो, तो फोनला सांगतो की मागे साधा चार्जर आहे, बेताने घे. काही जण तिथे १० किलोओहमचा टाकतात, त्याचा अर्थ होतो ३ अँपियर बिनधास्त ओढ. आणि मागे असतो जुन्या लॅपटॉपचा पोर्ट, ज्याची लायकी अर्ध्या अँपियरची! चांगला पोर्ट स्वतःला बंद करून घेतो, फालतू असला तर तापत बसतो. गूगलचा इंजिनिअर बेन्सन लियुंग २०१५ मध्ये अशा केबल विकत घेऊन तपासायला लागला, तर २०१६ मध्ये एका केबलने त्याचा लॅपटॉपच मारला, आत पॉवर आणि ग्राउंडच्या वायरी चक्क उलट जोडलेल्या. त्यानंतर दोनेक महिन्यांत अॅमेझॉनने नियमात न बसणाऱ्या सी केबल विकायला बंदी घातली.

आता जाडी. लोकलमध्ये ५० रुपयाला घेतलेली एक केबल मी ब्लेडने सोलून बघितली, वरून गोफासारखी जाडजूड, आत तांबं केसाएवढं, बाकी सगळा दोरा. बऱ्याच केबलवर बारीक अक्षरात २८ एडब्ल्यूजी, २४ एडब्ल्यूजी असं छापलेलं असतं, हे आतल्या वायरीच्या जाडीचं माप. हा आकडा उलटा चालतो, कमी म्हणजे जाड. पॉवरच्या वायरी २८ च्या असतील तर १ मीटर केबलमध्ये २ अँपियरला जाऊन-येऊन साधारण ०.८५ व्होल्ट वाटेतच खर्च, फोनला मिळतात जेमतेम ४.१५, मग तो स्वतःच करंट कमी करतो आणि आपण म्हणतो बॅटरी गेली. २४ ला हेच नुकसान ०.३४ वर येतं. करंट दुप्पट केला तर उष्णता चौपट, म्हणून फास्ट चार्जिंगला बारीक केबल नकोच. दोन्हीकडे सी वाली घेताना ३ अँपियरची साधी फोनला पुरते, ५ अँपियरच्या केबलमध्ये ओळख सांगणारी चिप असावी लागते, अशी केबल जास्त पॉवर ओढणाऱ्या लॅपटॉपला लागते.

चार्जर मात्र रस्त्यावरून घेऊ नका, २३० व्होल्ट आणि तुमच्यामध्ये तोच एक असतो. त्यावर बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) शिक्का आणि आर ने सुरू होणारा नंबर बघा.

आणि पावसात भिजत घरी आलात की फोन लगेच चार्जिंगला लावू नका, ओल्या पोर्टमध्ये करंट गेला की पिना गंजून काळ्या पडतात. पिन काळी किंवा प्लास्टिक पिवळं पडलेलं दिसलं की ती केबल सरळ कापून टाकायची, कापूनच, नाहीतर घरातलं कोणीतरी कचऱ्यातून उचलून परत लावतं.