शाईकाम (कॉमिक्स)

पेन्सिलीने रेखाटलेल्या कॉमिक्सच्या पानावर टाक, कुंचला किंवा पेन यांच्या साहाय्याने काळ्या शाईत अंतिम रेषा व छाया उमटवण्याच्या कामाला शाईकाम किंवा इंकिंग म्हणतात आणि ते करणाऱ्या चित्रकाराला इंकर. छापील अंकात वाचकाला दिसणारी रेषा जवळजवळ सर्वस्वी इंकरच्या हातची असते. पेन्सिलकाम तोवर शाईखाली झाकले गेलेले किंवा खोडरबराने पुसले गेलेले असते. तरीही हा कलावंत दीर्घकाळ अनामिक राहिला. पुढे चाहत्यांचे मेळावे भरू लागले आणि मूळ पाने टेबलांवर मांडली जाऊ लागली, तेव्हा छपाईत लपून गेलेले त्याचे काम लोकांना जवळून पाहता आले.

शाईकामाचा उगम छपाईच्या गरजेत आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कॉमिक्स स्वस्त, खरखरीत वृत्तपत्री कागदावर छापली जात. छपाईचा ठसा तयार करण्यासाठी पानाचे छायाचित्र ज्या फिल्मवर घेतले जाई, तिला फक्त काळे आणि पांढरे कळे, मधल्या करड्या छटा कळत नसत. त्यामुळे पेन्सिलीची मऊ रेघ कुठे तुटक उमटे, तर कुठे उमटतच नसे. फिल्मला फिकट निळा रंगही दिसत नसे आणि चित्रकारांनी या उणिवेचा उपयोग करून घेतला : निळ्या पेन्सिलीने कच्चे रेखाटन केले की ते पुसण्याची गरज उरत नाही. आजही अनेक मूळ पानांवर काळ्या रेषांच्या मागे निळसर रेघांचे जाळे दिसते. छपाईतंत्र सुधारल्यावर पेन्सिलीवरून थेट छापणे शक्य झाले आणि १९८० च्या दशकात तसे प्रयोगही झाले. मूळ अडचण अशी दूर झाल्यावरही शाईकाम टिकले, कारण तोवर शाईची रेषा हीच कॉमिक्सची ओळखीची भाषा झाली होती.

पेन्सिल एकाची व शाई दुसऱ्याची ही विभागणी मुख्यत्वे अमेरिकी आहे. १९३० च्या दशकाच्या अखेरीस तेथे मासिकांची मागणी एकाएकी वाढली, तेव्हा चित्रशाळांनी कारखान्याच्या धर्तीवर काम वाटून दिले : एकजण पेन्सिल करी, दुसरा शाई, तिसरा अक्षरे लिही आणि चौथा रंगांच्या सूचना देई. मांगा म्हणजे जपानी कॉमिक्समध्ये मुख्य चित्रकार पात्रांची शाई सहसा स्वतः करतो. पार्श्वभूमी, सपाट काळे भाग व छटांचे चिकटकागद साहाय्यकांकडे जातात. युरोपात आपली रेषा आपणच पक्की करण्याची परंपरा अधिक बळकट आहे. बेल्जियन चित्रकार एर्जे याची एकसारख्या जाडीची, छायाविरहित रेषा हा तेथील सर्वांत प्रसिद्ध नमुना; तिला ‘स्वच्छ रेषा’ या अर्थाचे नाव डच चित्रकार योस्ट स्वार्टे याने १९७७ मध्ये दिले.

साधने थोडीच असतात, पण त्यांच्याविषयी इंकरइतके हट्टी लोक विरळाच. शाई म्हणजे बहुधा इंडिया इंक, म्हणजे काजळी आणि लाखेसारखा बंधक यांचे मिश्रण. ती वाळल्यावर पाण्याने पसरत नाही आणि उन्हाने सहसा फिकी पडत नाही. कुंचल्यांत सायबेरियन वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या शेपटीच्या केसांचे कोलिन्स्की सेबल ब्रश श्रेष्ठ मानले जातात आणि विन्सर अँड न्यूटन कंपनीची ‘सिरीज ७’ ही मालिका कित्येक पिढ्यांनी वापरलेली आहे. असा ब्रश भरपूर शाई पोटात धरून ठेवतो आणि तरी सुईसारखे टोक देतो, म्हणून एकाच फटकाऱ्यात केसाएवढ्या रेघेपासून चांगल्या जाड रेघेपर्यंत जाता येते. मात्र शाई केसांच्या मुळाशी, धातूच्या नळीपर्यंत चढून वाळली की टोक कायमचे फाकते. म्हणून ब्रश अर्ध्यापेक्षा अधिक बुडवायचा नाही आणि काम चालू असतानाही वारंवार धुवायचा, हा पहिला धडा असतो. टाकाच्या निबांमध्ये हंट १०२ ही क्रोक्विल, म्हणजे बारीक टोकाची निब, अमेरिकेत, तर जी-पेन व मारु-पेन जपानमध्ये रूढ आहेत. निब दाबली की तिची दोन टोके फाकतात व रेघ जाड होते. नव्या निबेवर गंजरोधक तेलाचा थर असतो आणि तो पुसल्याशिवाय शाई नीट उतरत नाही. यांखेरीज एकसारख्या जाडीच्या रेषांसाठी टेक्निकल पेन, प्रवासासाठी ब्रश-पेन आणि चुका झाकण्यासाठी पांढरा अपारदर्शक रंग लागतो. सरळ रेघ मारताना शाई फुटपट्टीच्या कडेखाली ओढली जाऊन डाग पडतो. त्यावर जुना उपाय म्हणजे पट्टीच्या खालच्या बाजूस नाणी चिकटवून ती कागदापासून उचलून धरणे.

अमेरिकी प्रमाणानुसार पान ११ × १७ इंचांच्या ब्रिस्टल बोर्ड या जाड कागदावर काढले जाते आणि त्यातील चित्राचा भाग १० × १५ इंचांचा असतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत कागद याहून बराच मोठा असे. छापताना चित्र सुमारे दोन-तृतीयांश होते, त्यामुळे मूळ पानावर नाजूक वाटणारी रेघ अंकात नाहीशी होऊ शकते आणि दाट हॅचिंगचा, म्हणजे छायेसाठी मारलेल्या समांतर रेघांचा, काळा गोळा होऊ शकतो. जाणता इंकर म्हणून समोरच्या पानाबरोबरच लहान झालेल्या चित्राचाही अंदाज मनात धरतो.

रेषेची जाडी हा या कलेचा गाभा आहे. जवळची वस्तू जाड रेषेने व दूरची बारीक रेषेने काढली की सपाट कागदावर खोली निर्माण होते. प्रकाशाकडची कडा बारीक आणि सावलीकडची जाड ठेवली की आकाराला वजन येते. गडदाकडून उजेडाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या समांतर फटकाऱ्यांना फेदरिंग म्हणतात. गोलाई, स्नायू आणि केस त्यातून साधतात. अर्धवट कोरड्या कुंचल्याची खरखर दगडासाठी व धुरासाठी उपयोगी पडते, तर टूथब्रशवरून उडवलेले शिंतोडे आकाशात तारे होऊन बसतात. परंतु पान उभे राहते किंवा कोसळते ते सपाट काळ्या भागांच्या मांडणीवर. जिथे पूर्ण काळे भरायचे तिथे पेन्सिलर लहानशी फुली करून ठेवतो. ती फुली पाळायची, वाढवायची की गाळायची, हे ठरवताना इंकर पानाचा सगळा तोल सांभाळत असतो.

पेन्सिलकाम नेहमीच पूर्ण नसते. काही पेन्सिलर प्रत्येक सुरकुती काढून देतात, काही केवळ ढोबळ मांडणी करून देतात आणि मग इंकरला अर्ध्याहून अधिक चित्र स्वतः घडवावे लागते. अशा कामाचे श्रेय ‘फिनिशर’ म्हणून दिले जाते. डेअरडेव्हिल मालिकेत फ्रँक मिलरच्या मांडणीवर क्लाऊस जॅन्सनने केलेले काम याच जातीचे आहे. एकच पेन्सिलर दोन इंकरांच्या हाती कसा बदलतो, याचा धडा मात्र जॅक कर्बीच्या पानांवरून मिळतो. जो सिनॉटने १९६५ पासून फँटॅस्टिक फोर मालिकेत कर्बीच्या रेषांना धातूसारखी झळाळी आणि घट्टपणा दिला. व्हिन्स कोलेटाच्या बारीक ओरखड्यांनी थॉर मालिकेला जुन्या कोरीवचित्रांचा बाज आणला, पण वेळ वाचवण्यासाठी तो पार्श्वभूमीतील आकृत्या पुसून टाकतो, अशी टीका त्याच्यावर सतत होत राहिली. दोन्ही पाने शेजारी ठेवली तर ती एकाच माणसाच्या पेन्सिलीतून उतरली आहेत, हे अनभ्यस्त डोळ्याला पटणार नाही. जीन कोलन छटांनी भरलेली धूसर पेन्सिल करी. तिचे काळ्या-पांढऱ्यात रूपांतर करणे बहुतेकांना जमले नाही, टॉम पामरला जमले. कर्ट स्वान आणि मर्फी अँडरसन यांची जोडी इतकी एकजीव झाली की चाहत्यांनी दोघांच्या आडनावांचे मिळून ‘स्वँडरसन’ असे एकच नाव केले.

इंकर दुसऱ्याच्या रेघा फक्त गिरवतो, हा आक्षेप या व्यवसायाला जुनाच आहे. गिरवणाऱ्याने अक्षराचे वळण बदलायचे नसते. इंकरला मात्र एका करड्या, दुहेरी-तिहेरी रेघेतून कोणती एक रेघ खरी, याचा निर्णय पानावर शेकडो वेळा घ्यावा लागतो, आणि शाई पडल्यावर तो निर्णय सहजी मागे घेता येत नाही. त्याला गिरवणे म्हणायचे, तर गायकालाही केवळ चीज म्हणून दाखवणारा म्हणावे लागेल. सुरुवातीच्या अंकांत इंकरचे नाव सहसा छापले जात नसे. १९६० च्या दशकाच्या आरंभी मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनसंस्थेने श्रेयचौकटीत ते नियमित देण्यास प्रारंभ केला. आयस्नर या अमेरिकी कॉमिक्स पुरस्कारांत पूर्वी इंकरसाठी स्वतंत्र विभाग होता, पुढे तो पेन्सिलकामाच्या विभागात सामावला गेला. २००८ मध्ये केवळ शाईकामासाठी इंकवेल पुरस्कार स्थापन झाले, त्यामागे ही उपेक्षेची भावना होतीच.

चाहत्यांचे मेळावे या उपेक्षेवर नकळत सापडलेला उतारा ठरले. कॉमिक्ससाठीचा पहिला मेळावा म्हणून सामान्यतः २७ जुलै १९६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये भरलेल्या एकदिवसीय संमेलनाचा उल्लेख होतो. सॅन दिएगो येथील मेळाव्याचा पहिला मुख्य सोहळा ऑगस्ट १९७० मध्ये तीन दिवस चालला आणि त्याला सुमारे ३०० लोक आले. आज तेथील उपस्थिती १,३०,००० च्या पुढे जाते. इटलीतील लुका येथील महोत्सव १९६६ मध्ये आणि फ्रान्समधील आंगुलेम येथील महोत्सव १९७४ मध्ये सुरू झाला. टोकियोतील कॉमिकेट या मेळाव्याची सुरुवात डिसेंबर १९७५ मध्ये ३२ गट आणि सुमारे ७०० उपस्थित अशी झाली. तेथे मूळ पानांपेक्षा हौशी मंडळांनी स्वतः छापलेल्या पुस्तिकांना महत्त्व आहे.

मोठ्या मेळाव्यांत चित्रकारांसाठी राखलेल्या टेबलांच्या रांगांना ‘आर्टिस्ट अ‍ॅली’ म्हणतात. प्रकाशकांच्या झगमगत्या दालनांपासून थोड्या बाजूला असलेल्या या भागात चित्रकार टेबलामागे बसून काम करतो आणि समोर प्लास्टिकच्या पाकिटांची जाड वही उघडी असते. तीत मूळ पाने असतात. छापील अंक पाहून आलेल्या माणसाला पहिला धक्का बसतो तो आकाराचा, दुसरा शाईच्या काळेपणाचा. मोठे काळे भाग पूर्ण सपाट नसतात; पान तिरपे धरले की त्यांत कुंचल्याचे फटकारे दिसतात. पांढऱ्या रंगाचे थर उंचवट्यासारखे बोटाला जाणवतात, समासात निळ्या पेन्सिलीतल्या सूचना असतात, पुसूनही न पुसलेली पेन्सिल कोपऱ्यातून डोकावते, आणि जुन्या पानांवर संवादांच्या चिकटवलेल्या पट्ट्या डिंक पिवळा पडून सुटू लागलेल्या असतात. छपाईने हे सारे झाकले होते. नवोदितांचे खरे शिक्षण अनेकदा याच वह्या चाळताना होते, कारण कोणती चूक कशी झाकली हे पुस्तकात दिसत नाही. काही इंकर तर एकाच पानाची पेन्सिल-प्रत व शाई झालेले पान शेजारी मांडतात. शब्दांनी समजावण्यापेक्षा ते अधिक परिणामकारक ठरते.

ही पाने चित्रकाराकडे येणे मुळात गृहीत नव्हते. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मोठे अमेरिकी प्रकाशक मूळ पाने परत करीत नसत. कित्येक पाने भेटीदाखल वाटली गेली, कापली गेली किंवा नष्ट झाली. कर्बीचा याबाबतचा मार्व्हलशी वाद १९८० च्या दशकात गाजला आणि त्याला अखेर सुमारे २,००० पाने परत मिळाली. त्याने काढलेल्या एकूण पानांचा तो लहानसाच भाग होता. परत येणारी पाने पेन्सिलर आणि इंकर यांच्यात वाटली जातात आणि पेन्सिलरचा वाटा सहसा मोठा असतो. बाजार मोठा झाल्यावर या वाटणीला आर्थिक वजन आले. जानेवारी २०२२ मध्ये स्पायडरमॅनच्या काळ्या पोशाखाचे १९८४ सालचे एक आतले पान अमेरिकेतील लिलावात ३३ लाख ६० हजार डॉलरला विकले गेले. मेळाव्याच्या टेबलावरील बहुसंख्य पानांची किंमत अर्थातच याच्या पासंगालाही पुरत नाही, आणि युद्धप्रसंगाचे पान संवादांच्या पानापेक्षा महाग, हा तेथील सर्वमान्य नियम आहे. शाईकाम कोणते सरस, याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो.

विक्रीइतकेच महत्त्व फर्माईशी चित्रांना असते. चाहता आवडते पात्र सांगतो आणि चित्रकार केवळ चेहरा, अर्धी आकृती की पूर्ण आकृती यानुसार मोबदला ठरवून ते तिथेच काढून देतो. अनेक संग्राहक विशिष्ट विषयाची वही बाळगतात आणि मेळाव्यामागून मेळावा तीत एकेक चित्र जमवतात. एका ठिकाणी पेन्सिलरकडून चित्र घ्यायचे आणि पुढच्या ठिकाणी इंकरकडून त्यावर शाई करून घ्यायची, ही प्रथा इंकरला विशेष मानाची, कारण तेथे त्याच्याकडे येणारा माणूस त्याच्याच हातासाठी आलेला असतो. गर्दीच्या धक्क्यांनी टेबल हलत असल्याने उघडी दौत सहसा कोणी ठेवत नाही. ब्रश-पेन वापरले जाते आणि चित्र वाळेपर्यंत चाहत्याला थांबवून ठेवावे लागते. घाईत साध्या मार्करने भरलेले काळे काही वर्षांत तपकिरी पडते किंवा कडांना पिवळट वलय धरते, म्हणून जाणकार ग्राहक शाई कोणती, हे आधी विचारून घेतो.

संगणकामुळे या व्यवहाराचा पाया हलला आहे. पडद्यावर शाई केली तर रेघ स्थिर करणारी सोय मिळते, चूक क्षणात मागे घेता येते आणि पान पाठवायचा खर्च वाचतो, परंतु टेबलावर मांडायला मूळ पान उरत नाही. म्हणून काही चित्रकार पडद्यावर केवळ पेन्सिल करतात आणि शाईसाठी कागदाकडे परततात. दुसरीकडे, पेन्सिलर व इंकर दूरच्या शहरांत असतील तर पेन्सिलकाम स्कॅन करून फिकट निळ्या रंगात ब्रिस्टलवर छापले जाते आणि इंकर त्यावर काम करतो. अशा वेळी एकाच पानाची दोन मूळ रूपे जन्मतात, एक निव्वळ पेन्सिलीचे आणि दुसरे निव्वळ शाईचे. संग्राहकांत यावर एकमत नाही. काहींना पेन्सिलीवरच शाई चढलेले पान हेच अस्सल वाटते, तर काहींच्या मते अंकात छापली गेली ती शाईची रेघ, तेव्हा मूळ तेच. प्रामाणिक विक्रेता पाकिटावर ‘निळ्या छापावरील शाई’ अशी नोंद करून ठेवतो.