दातखीळ बसते तेव्हा

आमच्या कॉलेजच्या लैंगिक छळाच्या तक्रार अर्जात सातवा रकाना असा होता : ‘आपण विरोध केला होता का? केला असल्यास कसा?’ खाली दोन ओळींची कोरी जागा. मी अंतर्गत तक्रार समितीवर आले तेव्हा हा अर्ज आधीपासूनच चालत आलेला होता. तो कोणी तयार केला, हे कोणालाच आठवत नव्हतं. एका अर्जावर त्या दोन ओळींत एकच शब्द होता, ‘नाही.’ प्रकरण कोणतं, कोणाचं, हे सांगणार नाही. सांगायला कायद्याचीही मनाई आहे. पण त्या एका शब्दावर बैठकीत अर्धा तास गेला. ‘म्हणजे मग प्रश्नच मिटला की,’ असं एक सदस्य म्हणाले. मनात काही वाईट ठेवून नव्हे, अगदी प्रामाणिकपणे.

मी प्राणिशास्त्र शिकवते. मला त्या क्षणी कोंबडी आठवली. बैठकीत कोंबडीचा विषय काढायची सोय नव्हती, म्हणून इथे काढते.

कोंबडीला आडवी पाडून थोडा वेळ हलकेच दाबून धरली आणि मग हात काढून घेतला, तरी ती लगेच उठत नाही. डोळे उघडे, अंग स्तब्ध, मेल्यासारखी पडून राहते. मग एकदम फडफडत उठते आणि पळते. १६४६ साली आथानासियुस किर्शर या रोममधल्या जेझुइट पंडितानं आपल्या ग्रंथात हा प्रयोग दिला होता. ही कोंबडीच्या कल्पनाशक्तीची करामत आहे, असं त्याला वाटलं. आज या थिजण्याला ‘टॉनिक इमोबिलिटी’ म्हणतात. ससा, गिनीपिग, काही जातींचे शार्क यांच्यातही ती दिसते. भीती पराकोटीची आहे आणि सुटायला वाट नाही, अशी दोन्ही गोष्टींची गाठ पडली की शरीर हा शेवटचा उपाय करतं. भक्ष्य हललं नाही तर शिकाऱ्याची पकड जरा सैल पडते आणि निसटायला फट मिळते, असं त्यामागचं उत्क्रांतीचं गणित मांडतात. प्राणी बेशुद्ध नसतो. आजूबाजूचं त्याला कळत असतं, फक्त स्नायू त्याचं ऐकत नाहीत.

माणूसही प्राणीच. स्टॉकहोममध्ये बलात्कारित स्त्रियांसाठी एक आपत्कालीन दवाखाना आहे. तिथे घटनेनंतर महिन्याभरात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ७० टक्के स्त्रियांनी त्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात ताठरल्याचं सांगितलं, ४८ टक्के स्त्रियांत हे टोकाच्या पातळीवर होतं. सहा महिन्यांनी १८९ जणींची पुन्हा तपासणी झाली. ज्यांचं शरीर असं ताठरलं होतं, त्यांच्यात आघातोत्तर तणावविकाराची शक्यता सुमारे पावणेतीनपट निघाली. यातला एक दुवा समजायला अवघड नाही : जी थिजली ती वर्षानुवर्षं स्वतःलाच विचारत राहते, ‘मी काहीच का केलं नाही?’

गंमत अशी, की आपल्या भाषेला हे कधीचं ठाऊक आहे. दातखीळ बसली. वाचा बसली. बोबडी वळली. हातपाय गळाले. पाय जमिनीला खिळले. एवढे वाक्प्रचार एका भाषेनं हौस म्हणून जमवलेले नाहीत. वाघ समोर आल्यावर गुराख्याची दातखीळ बसली, तर गावात त्याला कोणी विचारत नाही, ‘अरे, पण तू ओरडला का नाहीस?’ मुलीला विचारतात.

न्यायालयानंही विचारलं होतं. मार्च १९७२ मध्ये, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. आरोपी दोन पोलीस. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं त्यांना दोषी ठरवलं. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोघांना सोडून दिलं. एक कारण हे, की मुलीच्या अंगावर जखमेची खूण नव्हती, म्हणजे प्रतिकार झाला नाही. त्यावर सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं म्हणजे संमती नव्हे, हा त्यातला गाभा. मुलीच्या नावावरून मथुरा खटला म्हणून आपण ओळखतो तो हाच. देशभर मोर्चे निघाले, १९८३ साली कायदा बदलला आणि २०१३ च्या दुरुस्तीत तर स्पष्ट शब्दांत आलं : केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून संमती होती असं मानता येणार नाही. आजच्या भारतीय न्याय संहितेतही ते कलम ६३ मध्ये आहे. म्हणजे आमचा सातवा रकाना विज्ञानाच्या मागे होताच, कायद्याच्याही मागे होता.

रकाना क्रमांक चार याहून साधा दिसतो : ‘घटनेची तारीख, वेळ व घटनाक्रम.’ इथेही पेन अडतं. धोक्याच्या क्षणी मेंदूत नॉरअॅड्रेनॅलिन या रसायनाची लाट येते. कपाळामागचा जो भाग विचार करतो, योजना आखतो, त्याचं काम मंदावतं. सूत्रं भीतीच्या केंद्राकडे, अमिग्डलाकडे जातात. लक्ष एखाद्या टॉर्चसारखं अरुंद होतं. ज्यावर झोत पडला ते कोरलं जातं, बाकीचं अंधारात राहतं. म्हणून पंख्याची कुरकुर आठवते, शर्टाच्या बटणाचा रंग आठवतो, पण आधी दार लागलं की आधी दिवा गेला, हे सांगता येत नाही. आठवडाभरानं एखादा तुकडा अवचित वर येतो. पहिल्या जबाबात नसलेली गोष्ट दुसऱ्या जबाबात आली, की ‘बघा, आता भर घालतेय’ असं होतं.

इथे मलाही जरा सावध राहिलं पाहिजे. तुटक आठवणी म्हणजे खरेपणाचा पुरावा, असं कोणी म्हणू लागलं तर तेही चूकच. स्मृती कोणाचीही असो, ती चुकू शकते. तुटकपणावरून खोटेपणा सिद्ध होत नाही, एवढंच विज्ञान सांगतं. आणखी एक सांगतं, ते जास्त कामाचं आहे : प्रश्न कसा विचारला यावर उत्तर बदलतं. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फीत दाखवली. ‘गाड्या एकमेकींना लागल्या’ असं न म्हणता ‘एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या, तेव्हा वेग किती होता?’ असं विचारल्यावर लोकांनी वेग जास्त सांगितला. म्हणून होस्टेलच्या खोलीत मैत्रिणीनं केलेली उलटतपासणी दोन्हीकडून मारते. मुलगीही मिटते आणि साक्षही गढूळ होते.

कारण पहिली समिती बसते ती होस्टेलच्या खोलीतच. रात्री साडेअकराला, मेसचा डबा तसाच बाजूला पडलेला, आणि कॉटवर बसलेली एकजण म्हणते, ‘कुणाला सांगणार नाहीस ना?’ प्राध्यापक, पोलीस, डॉक्टर हे सगळे त्यानंतर, आले तर. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी केवळ १४ टक्क्यांनी कुठे तरी मदत मागितली होती. शिकागोच्या संशोधक सारा उलमन यांनी, ऐकणाऱ्यांच्या प्रतिक्रियांचा पीडितेवर काय परिणाम होतो, याचाच अनेक वर्षं अभ्यास केला. दोष देणं, विश्वास न ठेवणं, तिच्या हातून निर्णय काढून घेणं, अशा प्रतिक्रिया मिळाल्या की नंतरची लक्षणं अधिक तीव्र असतात, असं त्यांना दिसलं. यातली तिसरी प्रतिक्रिया बघा. ती प्रेमापोटीच येते. ‘चल, आत्ताच्या आत्ता रेक्टरकडे,’ म्हणून हात धरून ओढणारी मैत्रीण शत्रू नसते. पण ज्या मुलीच्या शरीराबाबत नुकताच कोणी तरी तिला न विचारता निर्णय घेतला, तिच्यासाठी हा त्याच रात्रीतला दुसरा निर्णय असतो.

मग म्हणायचं काय? फार काही नाही. ‘सांगितलंस ते बरं केलंस. यात तुझी काही चूक नाही. आत्ता तुला काय हवंय?’ आणि मग गप्प बसायचं, जे आपल्याला फार जड जातं. ‘तू तिथे गेलीसच कशाला’ हा प्रश्न जिभेवर आला तरी गिळायचा. ‘झालं गेलं विसरून जा’ हेही नको. विसरणं तिच्या हातात असतं तर ती साडेअकराला जागी नसती. एक वचन मात्र देऊ नका : कोणालाच कळणार नाही, हे. मुलगी अठराच्या आतली असेल, आणि अकरावी-बारावी जिथे जोडून आहे त्या कॉलेजांत असतेच, तर मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानं खबर देणं बंधनकारक आहे. ऐकण्याआधीच हे सांगितलेलं बरं.

काही गोष्टी घड्याळावर चालतात, त्या तेवढ्या तिच्या कानावर घालाव्यात. एचआयव्ही टाळण्याची औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. गर्भधारणा टाळण्याची गोळी जितकी लवकर तितकी चांगली. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात. कपडे धुऊ नयेत, प्लास्टिकच्या पिशवीत तर मुळीच कोंबू नयेत. ओल धरून बुरशी येते, म्हणून कागदी पिशवी. सरकारी असो की खासगी, कोणत्याही रुग्णालयाला पीडितेवर मोफत उपचार करावेच लागतात, नाकारले तर तो गुन्हा आहे. आधी एफआयआर आणा, हे कायद्यात कुठेही नाही. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महापालिका आणि ‘सेहत’ या संस्थेनं २००० साली ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं, ते याच विचारानं : बाई पोलिसांकडे जाईल न जाईल, दवाखान्यात येतेच.

पहिले पंधरा दिवस भयानक असतात. झोप नाही, दचकणं, आंघोळ पुन्हा पुन्हा, लेक्चरला बसून काहीच डोक्यात न शिरणं. १९९२ च्या एका अमेरिकी अभ्यासात ९५ स्त्रियांना दर आठवड्याला तपासलं गेलं. दोनेक आठवड्यांनी ९४ टक्के जणींत आघातोत्तर तणावविकारात बसणारी लक्षणं होती; तीन महिन्यांनी ४७ टक्के. मला या आकड्यांत दोन्ही दिसतं. निम्म्याहून अधिक जणी सावरतात, आणि जवळजवळ निम्म्यांना उपचार लागतात. उपचार आहेत, परिणामकारकही आहेत. पण पहिल्याच दिवशी समुपदेशकासमोर बसवून ‘सगळं बोलून मोकळी हो’ म्हणणं हा उपचार नव्हे. अशा सक्तीच्या एका बैठकीनं पुढचा तणावविकार टळत नाही, उलट काहींना अपायच होऊ शकतो, असं याविषयीच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा सांगतो.

आता कॅम्पसची खासियत. बाहेरच्या जगात आरोपी आणि फिर्यादी निदान वेगळ्या गल्लीत राहतात. इथे तो त्याच बॅचमध्ये, त्याच प्रॅक्टिकलच्या गटात, कॅन्टीनच्या त्याच रांगेत. आणि फार वेळा तो अनोळखी नसतोच. तो ‘तिचा’ असतो. फोनचा पासवर्ड त्याच्याकडे, लोकेशन चालू ठेवायचं, कोणाशी बोललीस त्याचा हिशेब द्यायचा, आणि एखाद्या दिवशी थोबाडीत. ‘मग सोडून दे ना त्याला’ म्हणणं सोपं आहे. सोडून जाण्याचा काळच बहुधा सर्वांत धोक्याचा असतो. तिची असाइनमेंट त्याच्या लॅपटॉपवर असते, फोटो त्याच्या फोनमध्ये असतात, आणि घरी कळलं तर शिक्षण बंद होऊन लग्नाचं बघायला लागतील, ही भीती त्याच्यापेक्षाही मोठी असते. मुलगेही यात सापडतात. त्यांची दातखीळ तर हसण्यावारी नेतात.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे लैंगिक छळाविषयीचे २०१५ चे नियम इथे उपयोगी पडतात. ते नीट वाचणारे मात्र थोडे. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, सबळ कारण असेल तर आणखी तीन महिने. चौकशी ९० दिवसांत. विद्यार्थ्यांचं प्रकरण असेल तर समितीवर विद्यार्थी प्रतिनिधी हवेत. कुलगुरू, कुलसचिव, विभागप्रमुख समितीवर नकोत. माझ्या मते त्यातली सर्वांत मोलाची तरतूद आहे अंतरिम दिलाशाची. चौकशी चालू असतानाच ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे, त्याला तिचे पेपर तपासण्यापासून दूर ठेवता येतं, तिला तीन महिन्यांपर्यंत रजा देता येते. दोषी कोण, हे ठरायच्या आधी मुलीचं सत्र तरी वाचतं.

हे न मिळाल्यावर काय होतं, त्यालाही आता नाव आहे. ऑरेगन विद्यापीठाच्या जेनिफर फ्रेड आणि कार्ली स्मिथ यांनी २०१३ साली ‘संस्थेकडून विश्वासघात’ ही कल्पना विद्यार्थिनींच्या पाहणीत तपासली. ज्यांना नकोसे लैंगिक अनुभव आले होते, त्यांपैकी ४६ टक्के जणींना संस्थेकडूनही दगा मिळाला होता. तक्रार दाबणं, प्रक्रिया अवघड करणं, नाव खराब होईल म्हणून गप्प बसवणं. अशा मुलींत चिंता आणि इतर काही लक्षणं अधिक होती. घाव एक, त्यावर संस्थेचा दुसरा.

आमच्याकडे दगा वगैरे काही मोठं घडलं नाही. एक रकाना होता, इतकंच. तो काढायला तीन बैठका लागल्या. एका बैठकीत मी अखेर कोंबडी काढलीच; दोघे हसले, कार्यालयातल्या ज्येष्ठ मावशी हसल्या नाहीत. ‘आमच्याकडे कुत्रं शिरलं खुराड्यात, तर दोन कोंबड्या अशाच पडल्या होत्या. मेल्या म्हणून उचलायला गेले, तर पळाल्या,’ असं त्या म्हणाल्या. नव्या अर्जात सातव्या जागी आता लिहिलं आहे : ‘आपल्याला जे आठवतं ते, आठवेल त्या क्रमानं लिहा. नंतर आठवलेलं कधीही जोडता येईल.’ आणि खाली दोन ओळी नाहीत, अख्खं पान कोरं आहे.