आवाज वाढवला तरी तान का कळत नाही

लंडनच्या इस्लिंग्टन भागात युनियन चॅपल नावाचं १८७७ सालचं प्रार्थनागृह आहे. प्रार्थना तिथे आजही होते, पण त्याचं नाव दूरवर पोचलं ते तिथल्या मैफलींमुळे. उंच छताच्या वास्तूत सूर भरून येतो, हे आपल्याला नवीन नाही. बेळगावच्या किल्ल्यात १२०४ साली बांधलेली कमल बस्ती आहे, कॅम्पात सेंट मेरीज चर्चच्या गॉथिक कमानी आहेत. अशा दगडी जागेत नुसता षड्ज लावला तरी तो लगेच विझत नाही. मग द्रुत तान तिथेच गिचमिड का होते?

दगड आवाज फारसा शोषत नाही, परत फेकतो. गाणं थांबल्यावर आवाज ६० डेसिबलने उतरायला जितका वेळ लागतो, तो त्या वास्तूचा घुमण्याचा काळ. हे कोडं सोडवलं हार्वर्ड विद्यापीठाच्या वॉलेस सबाइन यांनी. १८९५ साली त्यांच्याकडे एक व्याख्यानगृह सोपवलं गेलं, जिथे उच्चारलेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा. रात्रीच्या शांततेत ते जवळच्या नाट्यगृहातल्या गाद्या आणून मांडत, ऑर्गनची नळी वाजवत आणि आवाज विरायला लागणारा वेळ मोजत. शोषणाचं माप म्हणून त्यांनी उघडी खिडकी धरली, कारण तिच्यातून गेलेला आवाज परत येत नाही. त्यातून घुमण्याचा काळ काढायचं सूत्र निघालं: घनफळाला ०.१६१ ने गुणायचं आणि एकूण शोषणाने भागायचं.

आता ३,००० घनमीटरचं एक दगडी सभागृह धरू. भिंती, फरशी, बाकं मिळून ८० चौरस मीटर उघड्या खिडकीइतकं शोषण असेल, तर रिकाम्या जागेत आवाज सहा सेकंद घुमेल. दोनशे श्रोते येऊन बसले की चित्र पालटतं. एक माणूस साधारण अर्धा चौरस मीटर शोषतो. शोषण १८० होतं आणि घुमण्याचा काळ येतो २.७ सेकंदांवर. ऐकायला आलेली माणसंच त्या वास्तूचा आवाज घडवतात, ही मला या सगळ्यातली सर्वात सुंदर गोष्ट वाटते.

तरीही २.७ सेकंद तानेला जड जातात. सेकंदाला आठ स्वरांची तान घेतली, तर पुढचा स्वर येईपर्यंत आधीचा जेमतेम पावणेतीन डेसिबल उतरलेला असतो. म्हणजे तो अजून जवळजवळ पुरता कानात आहे, आणि त्यावर नवे स्वर चढत जातात. विलंबित आलापाला मात्र हेच घुमणं पोषक ठरतं.

कळत नाही म्हटलं की आपण अॅम्प्लिफायर वाढवतो. इथेच चूक होते. वरच्या सभागृहात गायकापासून सुमारे दोन मीटर पुढे गेलं की थेट आवाजापेक्षा भिंतींवरून आलेला आवाज जास्त असतो. आवाज वाढवला की दोन्ही सारखेच वाढतात. गोंधळ होता तितकाच राहतो, फक्त मोठा होतो.

खानापूर-निपाणीकडच्या गावांतही हे दिसतं. जुन्या देवळांचे सभामंडप बाजूंनी मोकळे असत. नव्या मंडपांना स्लॅब आला, भिंतींना टाइल्स लागल्या. मग टाळ-मृदंगाच्या घुमण्यात अभंगाचे शब्द हरवतात आणि मंडळ आणखी मोठा स्पीकर आणायचं ठरवतं. माझं म्हणणं, त्याआधी खिडक्या-दारं सताड उघडा, जाड सतरंज्या अंथरा, मागच्या भिंतीवर जाड पडदे घडी पाडून सोडा. स्पीकर लावायचाच तर तो लहान असावा, श्रोत्यांच्या जवळ असावा आणि त्याचं तोंड माणसांकडे असावं, छताकडे नको. माणसाचे कपडे आणि शरीर आवाज शोषतात, छत तो परत पाठवतं.

आणि साउंड चेक दुपारी रिकाम्या सभागृहात उरकला असेल, तर माणसं बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तो पुन्हा करावा. वरच्या हिशेबात सहा सेकंदांचे २.७ झाले, ते फक्त माणसं आल्यामुळे.