सरळ केबल आणि उलटी केबल : लोकोनेटच्या सहा तारा

बेळगावच्या टिळकवाडीतल्या रेल्वे गेटपाशी थांबून गाड्या बघत मोठी झालेली आम्ही काही जणं खानापूर, लोंढा, कॅसलरॉक आणि त्यापुढचा घाट १:८७ मापाच्या मॉडेल रेल्वेत बांधतो आहोत. कुणाचं मॉड्यूल, म्हणजे या मार्गाचा एक सुटा तुकडा, शहापूरच्या माडीवर, कुणाचं खानापूरच्या पडवीत. रविवारी एखाद्या हॉलमध्ये सगळी मॉड्यूल आणायची, सांधे जुळवायचे आणि गाडी सोडायची. प्रत्येक सांध्यावर विजेच्या दोन जोडण्या असतात. एक रुळांना वीज देणाऱ्या जाड तारांची. दुसरी लोकोनेटची, म्हणजे थ्रॉटल (गाडी चालवायचा हातातला नियंत्रक), कमांड स्टेशन (हुकूम तयार करणारा मुख्य डबा) आणि बूस्टर (तो सिग्नल ताकदीचा करून रुळांना देणारा डबा) यांना एकमेकांशी जोडणारी चपटी सहातारी केबल. घोळ होतो तो या दुसरीत, कारण हुबेहूब तिच्यासारखी टेलिफोनची केबल बाजारात सहज मिळते. तोच आरजे १२ प्लग, तीच रुंदी, त्याच सहा रंगांच्या तारा.

फरक एवढाच की लोकोनेटच्या केबलमध्ये एका टोकाची पहिली पिन दुसऱ्या टोकाच्या पहिल्याच पिनेला जाते. टेलिफोनच्या बहुतेक केबलींमध्ये पहिली सहावीला जाते, दुसरी पाचवीला, तिसरी चौथीला. आम्ही एकीला सरळ म्हणतो, दुसरीला उलटी.

आता उलटी लावली तर काय बिघडेल? बराच वेळ काहीच बिघडत नाही, आणि खरी अडचण तीच आहे. लोकोनेटमध्ये मधल्या दोन पिना, तिसरी आणि चौथी, दोन्ही एकच डेटा वाहतात. त्यांच्या बाजूच्या दुसरी आणि पाचवी, दोन्ही ग्राउंड. म्हणजे या चार तारांची अदलाबदल झाली तरी कुणाला पत्ता लागत नाही. थ्रॉटल चालतो, इंजिन हलतं, शिट्टी वाजते. फक्त कडेच्या दोन तारा, पांढरी आणि निळी, वेगळ्या आहेत. त्यांच्यावरून रेलसिंक जातो. रुळांवर कोणता डीसीसी सिग्नल (वीज आणि इंजिनांचे हुकूम एकत्र नेणारा डिजिटल सिग्नल) द्यायचा हे बूस्टरला त्यातून कळतं. केबल उलटी झाली की रेलसिंकच्या या दोन तारा आपसात बदलतात आणि पुढचा बूस्टर आपल्या रुळांना आरशातल्यासारखा उलटा सिग्नल देतो.

एकच बूस्टर असेल तर गाडी तरीही बिनतक्रार धावते. दोन असले की भानगड सुरू होते. आमच्या घाटात ती फार लवकर उघडी पडली. ब्रॅगांझा घाटाचा चढ ३७ ला १, म्हणून खऱ्या रेल्वेतही कुळेहून कॅसलरॉककडे चढणाऱ्या जड मालगाड्यांना मागून बँकर इंजिनं लावतात. आम्हीही लावतो. घाटाला एक बूस्टर, कॅसलरॉक यार्डाला दुसरा, आणि मध्ये रुळांत गॅप, म्हणजे दोघांची वीज वेगळी ठेवणारी फट. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत पुढचं इंजिन त्या गॅपवर आलं आणि दोन्ही बूस्टर एकदम बंद पडले. चाकांनी दोन उलट सिग्नल जोडले होते, म्हणजे सरळसरळ शॉर्ट. आम्ही तासभर रूळ घासले, चाकं पुसली, रूळ जोडणारे जॉइनर बदलले. दोष रुळांत नव्हताच. तो तीन मॉड्यूल मागे, टेबलाखाली लोंबणाऱ्या एका केबलमध्ये होता.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट समजली, आणि ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. उलट्या केबली जोडीनं आल्या तर एकमेकींचा दोष झाकतात. दोनदा उलटलं की सरळ. त्यामुळे मागच्या महिन्यात बिनबोभाट चाललेला लेआउट या महिन्यात एकच मॉड्यूल कमी झालं म्हणून अडतो, आणि सगळे नव्या माणसाच्या मॉड्यूलकडे बघतात. त्याचं काही चुकलेलं नसतं. म्हणून ‘मागच्या वेळी चाललं होतं’ हा पुरावा आम्ही आता धरत नाही.

ओळखायचं कसं? दोन्ही प्लग शेजारी धरा, दोन्हींचं तोंड एकाच दिशेला आणि दोन्हींची खिट्टी (प्लग काढताना दाबायची पट्टी) खाली. डावीकडून रंग वाचा. दोन्हीकडे पांढरा, काळा, लाल, हिरवा, पिवळा, निळा असाच क्रम आला तर सरळ. एकीकडे पांढऱ्यापासून आणि दुसरीकडे निळ्यापासून सुरुवात झाली तर उलटी. चपटी केबल टेबलावर पीळ न देता लांब पसरली तरी कळतं : एक खिट्टी वर आणि दुसरी खाली म्हणजे सरळ, दोन्ही वर म्हणजे उलटी. इथे माझा पहिल्यांदा गोंधळ उडाला होता, कारण दोन्ही खिट्ट्या एका बाजूला असलेली केबलच नीटनेटकी वाटते. छोटा सॉकेट असलेला केबल टेस्टर असेल तर दुसऱ्या टोकाचे दिवे १ पासून ६ पर्यंत त्याच क्रमानं लागायला हवेत.

चार तारांची टेलिफोन केबल असेल तर प्रश्न आणखी सोपा. तिच्यात रेलसिंक नाहीच, तिच्यावर बूस्टर चालणार नाही. ती बाजूला ठेवा.

असाच शॉर्ट रुळांच्या जाड तारा उलट्या जोडल्यावरही होतो, म्हणून दोष कुठे शोधायचा तेही सांगतो. एकाच बूस्टरच्या हद्दीत, दोन मॉड्यूलांच्या साध्या सांध्यावर गाडी अडली तर जाड तारा बघा. सगळं ठीक चालून फक्त दोन बूस्टरांच्या हद्दीवर अडली तर आधी लोकोनेटच्या केबली बघा, मग त्या बूस्टरपासून रुळांकडे जाणारी जोडी. गाडी सोडण्याआधीच तपासायचं तर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून गॅपच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या त्याच बाजूच्या रुळावर टोकं लावा. बूस्टरांची ग्राउंड एकमेकांना जोडलेली असतील तर मीटर जवळजवळ शून्य दाखवतो. रुळांवर असतो तेवढा व्होल्टेज दिसला तर सिग्नल उलटे आहेत. साधा मीटर डीसीसीचा आकडा बरोबर सांगत नाही, पण शून्य आहे की नाही एवढं नक्की सांगतो.

आमच्याकडे सापडलेल्या उलट्या केबली आम्ही फेकल्या नाहीत. एका टोकाचा प्लग कापायचा, चपटी तार उलटी करून नवा प्लग क्रिम्प करायचा, म्हणजे पकडीनं दाबून बसवायचा, टेस्टरवर सहा दिवे मोजायचे, आणि दोन्ही टोकांना हिरवी टेप. टेप नसलेली केबल आता हॉलमध्ये येत नाही.